मॅडम, साईट बंद आहे

आमच्या धंद्यात चांगल्या दिवसाचा किस्सा होत नाही. सर्व्हर वर्षभर इमानदारीने चालला, तर कोणी फोन करून म्हणत नाही की मॅडम, आज साईट मस्त उघडली. पण एखाद्या दुपारी थोडा वेळ बंद पडू दे, ज्यांचा आवाज आपण कधी ऐकलेला नसतो तेही नावानिशी हजर होतात. त्यामुळे आमच्याकडे जे किस्से साठलेत ते सगळे बिघाडाचे. मी सांगायला लागले की मैत्रिणी हसतात. मला मात्र सांगतानासुद्धा अजून राग येतो. तरी सांगते, कारण न सांगता पोटात ठेवले तर ॲसिडिटी होते.

मी आणि ऑल्विन मिळून वसई पूर्वेच्या वालीवला एका गाळ्यात होस्टिंगचा छोटा व्यवसाय चालवतो. मी विरारच्या चंदनसारला राहते, तो वसई पश्चिमेच्या एका गावातला. सर्व्हर मी बघते, ग्राहक तो बघतो. होस्टिंग म्हणजे काय, हे सासूबाईंना मी असं समजावलं होतं की प्रत्येक वेबसाईटला राहायला खोली लागते, आणि त्या खोल्या आम्ही भाड्याने देतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे चाळ." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढे पटलं. नळाला पाणी नाही आलं तरी मालक, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला तरी मालक.

*

सर्व्हरलाही अधूनमधून दुरुस्ती लागते. डिस्क बदलायची, सॉफ्टवेअर अपडेट करायचं, बॅटऱ्या तपासायच्या. त्यासाठी आम्ही रविवारची दुपार ठरवली आहे, कारण तेव्हा आपल्याकडचा माणूस जेवून आडवा झालेला असतो. आठवडाभर आधी ईमेल पाठवतो, मग व्हॉट्सॲप, मग आदल्या दिवशी पुन्हा व्हॉट्सॲप. दोन ते चार साईट बंद राहील, क्षमस्व. याहून जास्त काय करणार? दवंडी पिटायची?

एकदा दोन वाजून जेमतेम पाच मिनिटं झाली होती, तेवढ्यात क्लासवाल्या शिंदेसरांचा फोन. सरांचे विरारला दहावीचे क्लास आहेत. सर शांतपणे बोलतात, पण त्या शांतपणातच पट्टी असते. म्हणाले, मुलांना सराव परीक्षा द्यायची आहे आणि साईट उघडत नाही. बंद ठेवायची होती तर निदान कळवायचं तरी. जबाबदारी म्हणून काही असते की नाही?

मी मोबाईल उघडून पाहिला. त्यांना पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या रेघा. मी म्हटलं, सर, तुम्ही मेसेज वाचलाय, काल संध्याकाळीच वाचलाय.

"हो, वाचला ना," सर म्हणाले. "पण मला वाटलं, तुम्ही बाकीच्यांच्या बंद ठेवणार आहात."

*

त्या नोटिशीला आजवर उत्तर देणारा एकच माणूस मला भेटला. खाडीकडच्या गावातले नारायणकाका. त्यांच्या गावाच्या भजनी मंडळाची साईट आमच्याकडे आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने बनवून दिली आणि सांभाळायला काकांवर सोपवली. भातशेती करणारा माणूस, पण साईट अशी सांभाळतो जशी गोठ्यातली गाय.

मेसेज गेल्यावर त्यांचा फोन आला. मी आवाजाला धारच लावून उचलला. काका म्हणाले, "बाय, दोन ते चार ना? करा करा. तेवा आमी पन झोपतोय. कोन बघते?"

चार वाजता पुन्हा फोन. "उगडली. मी बगितली. आता तुमी पानी प्या."

मी फोन ठेवला आणि खरंच पाणी प्यायले. सकाळपासून विसरले होते.

*

सर्व्हर गरम होतात, म्हणून त्यांच्या खोलीत एसी कायम चालू ठेवावा लागतो. आता आमचा गाळा आहे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. एका बाजूला स्टीलची भांडी पॉलिश करणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे. आग वगैरे लागली तर हाताशी असावी म्हणून सगळ्या गाळ्यांची एकेक किल्ली असोसिएशनच्या ऑफिसात असते. सेक्रेटरी साळवीसाहेब, निवृत्त माणूस, शिस्तीचे भोक्ते.

मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी माझ्या फोनवर खोलीचं तापमान वाढल्याची सूचना आली. मग आणखी वाढल्याची. मी चंदनसारहून रिक्षा केली. मी पोचेपर्यंत सर्व्हरनी स्वतःला वाचवण्यासाठी एकेक करून डोळे मिटले होते. खोली म्हणजे भट्टी. एसी बिघडला असेल म्हणून मी बटण दाबलं, तर लगेच चालू.

बाहेर साळवीसाहेब उभे होते. मीच केला बंद, म्हणाले. जिन्यातून जाताना आवाज आला, किल्लीने उघडून पाहिलं तर आत कोणी नाही. रिकाम्या खोलीत एसी! आमच्या काळात आम्ही पंखासुद्धा घराबाहेर पडताना बंद करायचो. मी त्यांना सर्व्हर म्हणजे काय, उष्णता म्हणजे काय, ग्राहकांच्या साईट बंद पडणं म्हणजे काय, हे सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण आत माणूस नव्हता हे तर तुम्हीही मान्य करताय.

पुढच्या सभेत त्यांनी वीजबचतीचं उदाहरण म्हणून आमच्या गाळ्याचं नाव घेतलं.

ऑल्विन माझ्यासारखा भांडत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी एक पाटी छापून दाराला लावली: "आत पेशंट आहे. एसी बंद करू नये." मी म्हटलं, हा काय पोरकटपणा? पण त्यानंतर दाराला कोणी हात लावला नाही. दिवाळीच्या सुमारास साळवीसाहेब जिन्यात भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"फरक पडतोय का काही? बरेच महिने झाले."

*

आता जो किस्सा सांगते त्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं. वसईतल्या एका फर्निचरच्या शोरूमचे मालक. त्यांच्या साईटवर फोटो दिसेनासे झाले म्हणून ते स्वतः गाळ्यात आले. आत शिरल्या शिरल्या त्यांनी ऑल्विनला नमस्कार केला, त्याच्यासमोर बसले आणि सगळी तक्रार त्याला सांगितली. मी बाजूच्याच टेबलावर. ऑल्विनने सांगितलं की सर्व्हरचं काम ताई बघतात. ते म्हणाले हो का, आणि पुन्हा त्याच्याकडेच वळले.

मी मशीनकडे वळले. त्यांची साईट उघडली, त्यांच्या माणसाने फोटोंचं फोल्डर चुकून दुसरीकडे हलवलं होतं ते शोधलं, जागेवर आणलं. मी ऑल्विनला सांगायची, ऑल्विन त्यांना सांगायचा. कोर्टात दुभाष्या असतो तसा. मधेच ते माझ्याकडे पाहून प्रथमच बोलले. काय, तर चहा मिळेल का.

ऑल्विन उठला. म्हणाला, चहा मी आणतो, तोवर तुम्ही ताईंना काय विचारायचं ते विचारा. आणि मुद्दाम नाक्यापर्यंत गेला. त्याला वाटलं, दोघंच राहिलो की बोलावंच लागेल. तो येईपर्यंत ते गृहस्थ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. सगळे महिने वाचले असतील.

चहा झाला, फोटो दिसायला लागले, ते खूश झाले. दारात चप्पल घालताना त्यांनी ऑल्विनच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मॅडमना पण थोडं थोडं शिकवून ठेवा. तुम्ही नसलात तर अडचण होते."

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात. एक सांगते.

ऑल्विनच्या गावच्या चर्चची साईट आमच्याकडे आहे. तिच्यावर मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळा असतात, सणांची माहिती असते, आणि गावात कोणी गेलं तर मयतीची सूचना असते. लोक पार नाशिक-पुण्यापर्यंत पांगलेले, त्यांना या सूचनेचा आधार असतो. एका सकाळी रोझलिनबाई गेल्या. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. ऑल्विनलाही त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली. सकाळी जो मेसेज सगळीकडे फिरला त्यात एवढंच होतं की बाई देवाघरी गेल्या, अंत्यविधीची वेळ ठरली की साईटवर कळेल. खाली लिंक.

दुपारी फादरनी वेळ ठरवली, चार वाजता. चर्चच्या ऑफिसातल्या मुलीने ती साईटवर टाकायला घेतली आणि साईट गेली. चर्चचीच नव्हे, आमच्या सगळ्याच.

मी आणि ऑल्विन गाळ्याबाहेर धावलो. कोपऱ्यावर पाईपसाठी रस्ता खणत होते. खड्ड्यात आमच्या केबलची दोन टोकं लोंबत होती. मी मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन घेतल्या होत्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. तेव्हा कळलं की दोन्ही कंपन्यांनी केबल एकाच चरातून नेली होती. फावड्याच्या एका फटक्यात दोन्ही गेल्या. जेसीबीच्या, हाताच्या नव्हे. सुपरवायझर म्हणाला, खाली केबल होती तर बोर्ड लावायचा ना. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.  ऑल्विन खड्ड्याच्या काठावर बसून फोन लावत होता. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना त्याने वेळ कळवली. पण मूळ मेसेज कुठून कुठे गेला होता कोणाला ठाऊक. लोक लिंक दाबत राहिले असणार.

जोडणारा माणूस आला, खड्ड्यात उतरला. काचेच्या केसासारखे ते धागे, एकेक जोडायचा. चार वाजत आले तेव्हा ऑल्विनने फादरना फोन केला आणि फक्त एवढं विचारलं की थोडं थांबता येईल का. फादर म्हणाले, मिस्सा वेळेवर सुरू करावा लागेल, पुढचं मी बघतो.

त्या फादरचं प्रवचन एरवी आटोपशीर. त्या दिवशी ते बोलत राहिले. बाईंनी कोणाला काय शिकवलं, कोणाला छड्या दिल्या, कोणाच्या लग्नात मानाने जेवल्या. मागच्या बाकांवर लोक घड्याळं बघायला लागले. आमची लाईन जोडली गेली, साईट उघडली, सूचना चढली. ऑल्विन स्कूटर काढून गावात गेला. नंतर त्याने मला सांगितलं की शवपेटी सिमेटरीकडे, दफनभूमीकडे, निघाली तेव्हा फाटकाशी दोन-तीन रिक्षा एकापाठोपाठ येऊन थांबल्या. एक बाई ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने येऊन मूठमाती दिली आणि मग रडली. ती कोण, हे ऑल्विनला माहीत नव्हतं.

मला वाटलं, झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी त्याच जेसीबीने चार पावलं पुढे तीच केबल पुन्हा तोडली. मी पुन्हा त्याच सुपरवायझरसमोर उभी. तो माझ्यावरच चिडला.

"मॅडम, काल तुम्ही तिकडचा भाग दाखवला होता. हा कुठे दाखवला होता?"

*

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळला. नुसता गेला नाही, धूर काढून गेला. नवीन कधी येईल ते कोणी सांगेना. वीज कंपनीच्या ऑफिसात फोन उचलायचे, "काम चालू आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. काम चालू असल्याचं एकही लक्षण जळालेल्या ट्रान्सफॉर्मरपाशी नव्हतं. तिथे फक्त एक मांजर झोपलं होतं. आमचा जनरेटर पहिला दिवस कसाबसा चालला आणि मग खोकून बसला. सगळं बंद.

विरारचे एक गृहस्थ आहेत, तेही होस्टिंग विकतात. त्यांच्या जाहिरातीत असतं: कधीही बंद न पडणारी सेवा. आमचं बंद पडलंय हे कळताच त्यांनी आमच्या ग्राहकांना फोन लावायला सुरुवात केली. वसईवाल्यांचं काही खरं नाही, आमच्याकडे या. मला हे शिंदेसरांनीच कळवलं. माझं डोकं गरम झालं, पण बोलणार कोणत्या तोंडाने? आम्ही बंद होतो हे तर खरंच होतं.

सर पुढे म्हणाले की मीही विचार केला, बदलून बघावं. फॉर्म भरायला त्यांच्या साईटवर गेलो.

"मॅडम, त्यांचीही उघडत नाही. ते कुठे ठेवतात हो त्यांची साईट?"

मी आमची यादी काढून पाहिली. दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने घेतलेली एक जागा. सर, म्हटलं, आमच्याकडेच.

*

तिसऱ्या दिवशीही वीज नव्हती. गाळ्यात उकाडा, अंधार, आणि फोन सतत वाजणारा. काही ग्राहकांनी सोडून जातो असं स्पष्ट सांगितलं होतं. ऑल्विन आणि मी दार उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्च्या घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, ताई, हे सगळं गुंडाळून मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत भाड्याने जागा घेऊ, आपण नुसते एजंट होऊ. मी नाही म्हणाले नाही. पहिल्यांदाच नाही म्हणाले नाही. 

तेवढ्यात जिन्यातून बेंजामिन अंकल वर आले. लग्नात वाजतो तो बँड आहे त्यांचा, ब्रासबँड. त्यांच्या वडिलांपासूनचा. लग्नसराई ऐन भरात. त्यांची मुलगी कॅनडात असते. पप्पांना फोनचा त्रास नको म्हणून तिने बुकिंगची साईट बनवून दिली होती. लोकांनी तारीख निवडायची, वेळ भरायची, गाणी टिक करायची, की झालं. अंकलनी फक्त सकाळी उठून कॅलेंडर बघायचं आणि पोरांना घेऊन जायचं.

आणि ऐन लग्नसराईत आम्ही बंद. ऑल्विन उठून उभा राहिला. मीही राहिले. दोन दिवस आम्ही इतक्या लोकांचं ऐकून घेतलं होतं की आणखी एकाचं ऐकायची ताकद नव्हती, पण अंकलना तो हक्क होता.

ते खुर्चीवर बसले. रुमालाने मान पुसली. वीज कधी येणार ते विचारलं. आम्ही म्हटलं, माहीत नाही. 

मग सांगायला लागले. काल सकाळी घरचा फोन वाजला. बँडच्या गाडीवर जुना नंबर रंगवलेला आहे ना, तो कोणीतरी शोधून काढला होता. नवऱ्या मुलाचा बाप बोलत होता. तुमच्या साईटवर काही दिसत नाही, म्हणाला, आणि मग म्हणाला, माझ्या लग्नात तुमच्या वडिलांनी वाजवलं होतं. तेव्हा पाऊस आला आणि सगळे पळाले, पण तुमचे वडील ट्रंपेट घेऊन पावसात उभे राहिले. अंकलना हे ठाऊकच नव्हतं. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. मग दुपारी एका मुलीचा फोन आला, तिला आजीच्या आवडीचं एक जुनं गाणं हवं होतं, नाव आठवत नव्हतं, म्हणून तिने ते फोनवर गुणगुणून दाखवलं. अंकलनी ते ओळखलं. मग दोघांनी मिळून म्हटलं. संध्याकाळी अजून दोन फोन. एकाने तर बुकिंग केलंच नाही, नुसती तब्येत विचारून फोन ठेवला.

एवढं सांगून ते आमच्या बंद मशीनकडे बघत राहिले.

"ऑल्विन," ते म्हणाले, "महिन्यातून एक दिवस असं बंद ठेवता येतं काय? म्हणजे फक्त माझंच. त्याचा काही वेगळा प्लॅन असेल तर सांग."

ऑल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"ठेवतो अंकल," तो म्हणाला. "वार कुठला?"

अंकलनी विचार करायला वेळ घेतला नाही.

"मंगळवार. मंगळवारी मी घरीच असतो."